शाळेचे सामाईक संगणक-कपाट

शिक्षकाची बदली झाली म्हणजे पदभार देताना तो दाखलखारीज नोंदवही, हजेरीपत्रके, जडवस्तुसंग्रहाची यादी आणि कपाटांच्या किल्ल्या सोपवून त्यांची पोच घेतो. परंतु चार-पाच वर्षांत त्याने संगणकावर तयार केलेले मूल्यमापनाचे तक्ते, चित्रपट्ट्या, गोंडी अथवा पोवारी बोलणाऱ्या मुलांसाठी जमविलेले शब्द व गोष्टी यांचा त्या पोचपावतीत बहुधा उल्लेख नसतो. ते साहित्य त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये असते व त्याच्याबरोबरच निघून जाते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. ते ठेवावयास शाळेजवळ स्वतःची जागा नसते, एवढेच. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव यांसारख्या तालुक्यांच्या वनभागात ही हानी अधिक जाणवते. कारण मुलांच्या घरच्या बोलीतील साहित्य बाजारात सहसा मिळत नाही. नवा शिक्षक येतो आणि तेच काम पुन्हा पहिल्यापासून आरंभितो.

यावर उपाय अवघड नाही. शाळेतील एक संगणक सर्वांच्या फाइलींचे कपाट म्हणून राखून ठेवावा व इतर संगणकांनी तारेने अथवा वायफायने त्यातून फाइली घ्याव्यात. अशा संगणकास सर्व्हर म्हणतात. यासाठी सतत इंटरनेट लागत नाही. प्रणाली बसविताना एकदा लागते, नंतर शाळेपुरते जाळे पुरते. लिनक्स ही प्रणाली विनामूल्य असून जुन्या संगणकावरही चालते. डेबियन, उबुंटू अथवा सी-डॅकने तयार केलेली बॉस, यांपैकी कोणतीही घ्यावी. केरळ राज्याने २००१ साली आरंभिलेल्या ‘आय.टी. अ‍ॅट स्कूल’ योजनेत पुढे शाळांतील संगणक अशाच मुक्त प्रणालीवर आणले, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

विंडोजचे संगणक फाइलींच्या देवघेवीसाठी एस.एम.बी. नावाची संकेतपद्धती वापरतात. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने जाळ्यातून जाणारे संदेश न्याहाळून तीच भाषा बोलणारा कार्यक्रम लिहिला व १९९२ च्या सुमारास तो सर्वांसाठी खुला केला. शब्दसंग्रहात एस, एम, बी ही अक्षरे क्रमाने येणारे शब्द शोधून त्याचे नाव पुढे ‘सांबा’ असे ठेवण्यात आले. विंडोज व लिनक्स असे मिश्र संगणक असलेल्या शाळेस सांबाच सोयीचा. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली काढलेली एन.एफ.एस. ही दुसरी पद्धती केवळ लिनक्स संगणकांमध्ये उत्तम चालते; परंतु तिच्या साध्या रूपात ती माणसाचा परवलीचा शब्द न विचारता समोरच्या संगणकाने सांगितलेल्या वापरकर्ता-क्रमांकावर विश्वास ठेवते. शाळेत ते इष्ट नाही.

मांडणीचा क्रम

आज्ञा व नावे संगणकावर रोमन लिपीत टंकित करावयाची असतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

१. सर्व्हरला कायमचा पत्ता द्यावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. पत्ता रोज बदलला तर कपाट सापडणार नाही.

२. ‘अ‍ॅप्ट इन्स्टॉल सांबा’ या आज्ञेने सांबा बसवावा.

३. लिनक्समध्ये ‘शिक्षक’ हा गट करून प्रत्येक शिक्षकास वेगळे खाते द्यावे व त्या गटात घालावे. मुलांसाठी ‘विद्यार्थी’ असे एक खाते पुरे. त्यानंतर ‘एसएमबीपासवर्ड’ आज्ञेने प्रत्येकाचा सांबासाठीचा परवलीचा शब्द ठरवावा. लिनक्सचा व सांबाचा शब्द वेगवेगळे साठविले जातात. हे न कळल्याने पुष्कळांची पहिली पायरी चुकते.

४. ‘दप्तर’ व ‘वाचनालय’ असे दोन फोल्डर करून त्यांची मालकी ‘शिक्षक’ गटास द्यावी. दप्तरास २७७० व वाचनालयास २७७५ असा परवाना द्यावा. आरंभीच्या दोनमुळे आत तयार होणारी प्रत्येक फाइल त्याच गटाची होते. पुढील अंक अनुक्रमे मालक, गट व इतर यांचे अधिकार सांगतात. शून्य म्हणजे पूर्ण मज्जाव.

५. सांबाच्या ‘एसएमबी डॉट कॉन्फ’ या फाइलीत दोन्ही फोल्डरांची नोंद करावी. दप्तर केवळ शिक्षक गटास खुले ठेवावे, कारण त्यात मुलांची खाजगी माहिती असते. वाचनालय सर्वांस वाचावयास व केवळ शिक्षकांस लिहावयास खुले असावे. ‘टेस्टपार्म’ ही आज्ञा या नोंदींतील चुका दाखविते. मग सांबा पुन्हा सुरू करावा.

६. विंडोजच्या फाइल-खिडकीत दोन उलट तिरप्या रेघा, सर्व्हरचा पत्ता, पुन्हा एक उलट तिरपी रेघ व फोल्डराचे नाव लिहिले की कपाट उघडते.

दोन नेहमीच्या अडचणी

पहिली अशी की, एका शिक्षकाने ठेवलेली फाइल दुसऱ्यास उघडता येते, पण दुरुस्त करता येत नाही. सांबा नव्या फाइलीवर आपल्या ठरीव रीतीने गटास केवळ वाचनाचा अधिकार देतो, हे याचे कारण. दप्तराच्या नोंदीत ‘क्रिएट मास्क’ ०६६० व ‘डिरेक्टरी मास्क’ २७७०, तर वाचनालयाच्या नोंदीत ०६६४ व २७७५ लिहिल्यास ती दूर होते. पुष्कळजण या वेळी कंटाळून फोल्डरास ७७७ असा परवाना देतात. ते म्हणजे किल्ली हरवली म्हणून कपाटाचे दारच काढून टाकणे होय. सांबाची परवानगी व लिनक्सची परवानगी अशी दोन दारे एकामागून एक आहेत. दोन्ही उघडी असतील तरच आत जाता येते. अडचण आली की कोणते दार बंद आहे, ते आधी पाहावे.

दुसरी अडचण पाहुण्याच्या प्रवेशाची. परवलीच्या शब्दाशिवाय प्रवेश देणारे फोल्डर विंडोजच्या अनेक नव्या आवृत्त्या उघडत नाहीत. म्हणूनच मुलांसाठी वेगळे खाते सुचविले आहे. एस.एम.बी.ची पहिली, जुनी आवृत्ती मात्र कोणत्याही सोयीसाठी सुरू करू नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या संगणक-रोगाने विंडोजमधील तिच्याच दोषातून शिरून ब्रिटनमधील रुग्णालयांसह जगभरातील संगणक बंद पाडले. सांबा अद्ययावत ठेवावा व हे कपाट शाळेच्या जाळ्याबाहेर इंटरनेटवर कधीही उघडू नये.

जतन व पदभार

सामाईक कपाट म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. एकाने चुकून फाइल पुसली तर ती सर्वांचीच पुसली जाते. डिस्क बिघडली तर सर्वच जाते. यास्तव दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्यावी, ती डिस्क लगेच काढून घ्यावी व सर्व्हरपासून दूर ठेवावी. महिन्यातून एकदा तिच्यातील एखादी फाइल उघडून पाहावी. न तपासलेली प्रत ऐनवेळी दगा देते. वीज वारंवार जाते तेथे सर्व्हरला यू.पी.एस. अवश्य जोडावा.

शेवटी, सर्व्हरच्या व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द मोहोरबंद पाकिटात मुख्याध्यापकांजवळ ठेवावा आणि पदभाराच्या यादीत ‘सामाईक संगणक-कपाट’ ही बाब लिहावी. बदलून जाणाऱ्या शिक्षकाचे खाते बंद करावे. फाइली गटाच्या मालकीच्या असल्याने त्या शाळेतच राहतात. हवी असल्यास त्याने आपल्या साहित्याची प्रत खुशाल न्यावी. मूळ प्रत मात्र ज्या मुलांसाठी ते केले, त्यांच्या शाळेत असावी.