लॅपटॉपचा पडदा बदलताना

जुन्या लॅपटॉपवर अक्षरं फुटल्यासारखी दिसतात, कारण १३६६×७६८च्या पडद्यावर जेमतेम साडेदहा लाख ठिपके असतात. १९२०×१०८०च्या, म्हणजे फुल एचडी पडद्यावर ते जवळपास दुप्पट होतात. पण नवा पॅनेल मापाने बसला म्हणजे चालेलच असं नाही. खरी मेख केबलमध्ये, म्हणजे पडदा मदरबोर्डला कोणत्या प्रकारे जोडला आहे त्यात आहे.

लेनोव्होचा थिंकपॅड टी४४०पी घ्या. त्यात ईडीपी ही नव्या प्रकारची जोडणी आहे, त्यामुळे १४ इंची, ३० पिनांचा फुल एचडी आयपीएस पॅनेल सरळ लागतो. त्याच्या आधीच्या टी४३०मध्ये जुनी एलव्हीडीएस जोडणी. तिथे फुल एचडीसाठी वेगळं रूपांतरक बोर्ड बसवावं लागतं. एवढी उठाठेव हौशी माणसानेच करावी.

विकत घेण्याआधी मूळ पॅनेल उघडून मागच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक, पिनांची संख्या आणि स्क्रूच्या पट्ट्या कुठे आहेत ते पाहावं. काम सुरू करताना चार्जर काढून बॅटरीही वेगळी करावी, नाहीतर केबल लावता-काढताना बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो. नव्या पडद्यावर अक्षरं बारीक वाटली, तर विंडोजमध्ये स्केलिंग १२५ टक्के करून घ्यावं.