हिरव्या रेषेचें रहस्य

कार्तिक महिन्यांत आकाश निरभ्र झालें म्हणजे रात्रीं आठ-नऊच्या सुमारास माथ्यावरून थोडें उत्तरेकडे पाहावें. भाद्रपदांच्या मोठ्या चौकोनापासून शर्मिष्ठेच्या बाजूस दृष्टि नेली असतां, गांवाबाहेरच्या अंधारांत, पिंजलेल्या कापसासारखा एक फिकट ठिपका दिसतो. हीच देवयानी दीर्घिका. तिचा जो प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो तो सुमारें २५ लक्ष वर्षांपूर्वीं तेथून निघालेला आहे. तिचे चक्राकार वळसे फोटोच्या कांचेवर स्पष्टपणें उमटविण्याचा मान १८८८ सालीं आयझॅक रॉबर्ट्स या वेल्श गृहस्थानें मिळविला. त्याचा धंदा इमारती बांधण्याचा; ज्योतिष हा केवळ छंद. तेव्हांपासून आजपर्यंत या दीर्घिकेचीं इतकीं छायाचित्रें निघालीं आहेत कीं, तिच्या आसपास पाहावयाचें कांहीं राहिलें असेल अशी कोणास कल्पनाहि नव्हती.

परंतु २०२२ सालीं तिघां हौशी निरीक्षकांच्या चित्रांत या दीर्घिकेशेजारीं, आग्नेयेच्या बाजूस, एक निळसर-हिरवी कमान उमटली. आकाशांत तिची लांबी सुमारें दीड अंश, म्हणजे तीन पूर्णचंद्र एका ओळींत मांडले असतां जेवढी जागा व्यापतील तेवढी. एवढी मोठी वस्तु जगांतील प्रचंड दुर्बिणींच्या दृष्टीस न पडतां एका लहानशा दुर्बिणीस कशी दिसली, हें समजून घेण्यासाठीं आपणांस थोडें मागें गेलें पाहिजे.

विल्यम हगिन्स हा लंडनचा रहिवासी. वडिलांचा कापडाचा धंदा विकून त्यानें घराशेजारींच वेधशाळा बांधली होती. २९ ऑगस्ट १८६४ रोजीं त्यानें कालेय समूहांतील एका तेजोमेघाकडे आपला वर्णपटदर्शक वळविला. ताऱ्यांचा प्रकाश लोलकांतून नेला तर इंद्रधनुष्यासारखा अखंड पट्टा दिसतो. तसाच पट्टा येथेंहि दिसेल अशी त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षांत काळोखावर कोरल्यासारख्या थोड्याशा तेजस्वी रेषाच दिसल्या. याचा अर्थ एकच: तो मेघ ताऱ्यांचा समुदाय नसून तप्त व विरळ वायूचा आहे. त्या रेषांपैकीं सर्वांत ठळक अशी जी हिरवी रेषा, ती पृथ्वीवरील कोणत्याहि मूलद्रव्याशीं जुळेना. म्हणून एका नव्या द्रव्याची कल्पना करण्यांत आली व त्यास 'नेब्युलियम' असें नांव पडलें.

या हिरव्या रेषेचा आपल्या पुण्याशींहि संबंध आहे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या औदार्यानें पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें एक वेधशाळा उभी राहिली होती. तेथील २० इंची आरशाची दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं १८९१ च्या सुमारास तिच्या साहाय्यानें मृगांतील तेजोमेघाची हीच रेषा बारकाईनें तपासली. ती मॅग्नेशियमच्या वर्णपटाची शेष खूण असावी, असें विलायतेंतील सर नॉर्मन लॉक्यर यांचें मत होतें. परंतु पुण्याच्या वेधांत ती स्वच्छ व बारीक धारेची दिसली, आणि त्या मतास बाध आला. पुढें १९१२ सालीं ही दुर्बीण कोडाईकनाल येथें गेली.

रेषेचें कोडें १९२७ सालीं अमेरिकेंतील आयरा बोवेन यानें सोडविलें. नेब्युलियम म्हणून कांहींच नव्हतें. होता तो आपल्या नित्य परिचयाचाच प्राणवायु. जवळच्या उष्ण ताऱ्याच्या प्रखर किरणांनीं त्याच्या अणूंतून दोन इलेक्ट्रॉन निघून गेले, म्हणजे तो अणु एका विशिष्ट स्थितींतून खालीं येतांना ही हिरवी रेषा देतो. मात्र तसें होण्यास त्याला अर्ध्या-पाऊण मिनिटाची निवांत सवड लागते. पृथ्वीवरील वायूंत अणूंची एकमेकांशीं इतकी टक्कर चालते कीं, तेवढी सवड त्यास मिळतच नाहीं. आपल्या प्रयोगशाळेंत ही रेषा दिसेना ती यामुळेंच. अंतराळांतील वायु इतका विरळ आहे कीं तेथें अणूस एकांत लाभतो, आणि तो आपला प्रकाश देऊन मोकळा होतो.

प्रकाशाच्या लहरी नॅनोमीटरांत, म्हणजे मीटरच्या अब्जांशांत मोजतात. प्राणवायूची हिरवी रेषा ५००.७ नॅनोमीटरांवर, हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.३ वर, व गंधकाच्या दोन तांबड्या रेषा ६७१.६ आणि ६७३.१ वर पडतात. तेजोमेघ आपलें पुष्कळसें तेज अशा ठराविक रेषांतच खर्च करतो. उलट चांदणें किंवा शहरांतील पांढऱ्या दिव्यांचा उजेड सर्व रंगांत पसरलेला असतो. मग ज्यांतून केवळ त्या एका रेषेभोंवतींचा तीन ते सात नॅनोमीटरांचाच प्रकाश पार होईल अशी कांच कॅमेऱ्यापुढें बसविली तर? दृश्य प्रकाशाचा एकंदर विस्तार सुमारें ३०० नॅनोमीटरांचा. त्यांतील तीनच आंत सोडले म्हणजे चांदण्याचा शंभरावा भाग तेवढा आंत येतो, आणि तेजोमेघाची रेषा मात्र जवळजवळ पूर्ण येते. जत्रेच्या कोलाहलांत एकट्या सनईचा सूर ऐकणाऱ्या कानासारखें हें साधन आहे. यासच अरुंद पट्ट्याचा फिल्टर म्हणतात. कांचेवर अत्यंत पातळ थरांवर थर चढवून तो तयार करतात. पाण्यावरील तेलाच्या तवंगांत जे रंग खेळतात, ते ज्या नियमानें, त्याच नियमानें हे थर एक रंग आंत घेतात व बाकीचे परतवितात.

अर्थात् इतकी गाळणी लावल्यावर हातीं येणारा प्रकाश फारच थोडा असतो. तो साठवावयास वेळ हवा. पृथ्वी फिरते, तेव्हां दुर्बीणहि तिच्या उलट, त्याच गतीनें फिरत ठेवावी लागते. तारा सूतभर सरकला तरी चित्र फिसकटतें. म्हणून एक दुसरा लहान कॅमेरा एखाद्या ताऱ्यावर सारखी नजर ठेवून दुर्बिणीस सावरीत असतो. मुख्य कॅमेरा गोठणबिंदूच्याहि खालीं थंड ठेवतात, कारण उष्णतेनें त्यांत खोटे ठिपके उठतात. अशीं पांच-दहा मिनिटांचीं शेंकडों चित्रें घेऊन तीं संगणकावर एकमेकांवर तंतोतंत बसवितात. प्रयोगशाळेंत एकच माप दहा वेळां घेऊन आपण सरासरी काढतों, तसाच हा प्रकार आहे. चुका एकमेकींस खोडतात, व खरें तें उरतें. चार चित्रें जोडलीं तर स्वच्छता दुप्पट होते, सोळा जोडलीं तर चौपट, आणि शंभर जोडलीं तर दसपट. पण येथेंच अडचणहि आहे. दुप्पट स्वच्छतेस चौपट वेळ! ढग, पाऊस, आणि दुसऱ्या दिवसाचें काम यांतून एका मनुष्यास अशा किती रात्री मिळणार?

या अडचणींतून सहकार्याची रीति निघाली. थेंबें थेंबें तळें सांचे, या न्यायानें अनेकजण आपआपल्या रात्री एकत्र घालतात. कोणी फ्रान्समधून तर कोणी अमेरिकेंतून, एकाच लक्ष्याकडे दुर्बीण रोखतो. दुर्बिणी लहानमोठ्या असल्या तरी ताऱ्यांच्या जागा सर्वांस सारख्याच. त्यांच्या आधारें सर्व चित्रें एका मापास आणतां येतात. फ्रान्समधील पांच हौशी मंडळींनीं चिलीमध्यें दुर्बीण ठेवून, दक्षिण गोलार्धांतून दिसणाऱ्या मोठ्या मॅगेलन मेघाचें असेंच एक चित्र २०१९ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत १०६० तासांचा प्रकाश सांठविलेला आहे. दर रात्रीं सहा तास धरले तरी हें सुमारें १७७ रात्रींचें काम झालें!

आतां त्या कमानीकडे वळूं. फ्रान्समधील झाव्हिए स्ट्रोटनर व यान सेंटी आणि जर्मनींतील मार्सेल ड्रेक्सलर हे ते तिघे. सेंटी यानें ईशान्य फ्रान्समध्यें नान्सी शहराजवळ, अवघ्या १०६ मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीनें, कित्येक रात्री देवयानीचा प्रकाश टिपला. त्यांत प्राणवायूच्या फिल्टरमधून घेतलेलीं चित्रें होतीं. त्यांच्यावर संस्कार करतांना ती अंधुक कमान दिसली. प्रथम वाटला तो आनंद नव्हे, संशय होय. कांचेंतील परावर्तन नसेल ना? चित्रें जोडतांना झालेली चूक नसेल ना? फिल्टर नवें दाखवितो तसें फसवितोहि. आपण आनंदाच्या भरांत जाहीर केलें आणि तें खोटें ठरलें, तर पुढें आपल्या शब्दास किंमत ती काय? म्हणून त्यांनीं आधीं इतर निरीक्षकांस वेगळ्या दुर्बिणी व वेगळे कॅमेरे लावून तोच भाग पाहावयास सांगितलें. त्यांच्याहि चित्रांत कमान जागच्या जागीं आली. डार्टमथ कॉलेजचे प्राध्यापक रॉबर्ट फेसेन यांच्यासारखे व्यावसायिक ज्योतिषीहि यांत सामील झाले, आणि जानेवारी २०२३ मध्यें हा शोध अमेरिकन ज्योतिषसंस्थेच्या टिपणपत्रांत प्रसिद्ध झाला. त्या वस्तूस तिघांचीं नांवें मिळालीं. त्याच वर्षीं या चित्रास ग्रीनिच वेधशाळेच्या ज्योतिष-छायाचित्रस्पर्धेंत पहिलें पारितोषिक मिळालें.

मोठ्या दुर्बिणींस ती कां दिसली नाहीं, हें आतां ध्यानांत येईल. त्यांचें दृष्टिक्षेत्र चिमुकलें. भिंतीवरील मोठें चित्र किल्लीच्या भोकांतून पाहिल्याप्रमाणें एवढी पसरट व फिकट वस्तु त्यांच्या हातून निसटते. शिवाय हायड्रोजनच्या रेषेंत तिचा मागमूस नव्हता, आणि प्राणवायूच्या रेषेंत इतका वेळ खर्चून कोणी पाहिलेंच नव्हतें. ही कमान खरोखर देवयानीजवळ आहे कीं आपल्याच आकाशगंगेंत, वाटेवर, याविषयीं पुढें चर्चा झाली. नंतरच्या निरीक्षणांचा कल ती आपल्याच आकाशगंगेंतील असावी याकडे आहे. पाहणें हें एक, आणि पाहिलेल्याचा अर्थ लावणें हें दुसरें.

एक शंका वाचकांच्या मनांत येईल: या चित्रांतले रंग खरे कां? हायड्रोजन व गंधक या दोहोंच्या रेषा तांबड्याच असल्यामुळें डोळ्यास त्यांतला भेद कळत नाहीं. म्हणून पुष्कळ वेळां गंधकास तांबडा, हायड्रोजनास हिरवा व प्राणवायूस निळा रंग देतात. १९९५ मध्यें हबल दुर्बिणीनें घेतलेल्या गरुड तेजोमेघांतील स्तंभांच्या चित्रानें ही पद्धति जगभर रूढ केली. नकाशांत एखादा प्रांत पिवळा दाखविला म्हणजे तेथील माती पिवळी असते असें नव्हे; तसेंच हें. मात्र कोणता रंग कशासाठीं दिला हें चित्राखालीं लिहिणें हा सचोटीचा भाग आहे.

विद्यार्थिमित्रहो, अशीं साधनें महाग आहेत, हें खरें. पण या कथेंतलें मुख्य साधन विकत मिळत नाहीं. सर्वांनीं पाहिलेल्या जागीं पुन्हां धीरानें पाहणें, आपलें श्रम दुसऱ्यांच्या श्रमांत मिळविणें, आणि आपल्याच यशावर आधीं आपण शंका घेणें, हें तें साधन. त्याचा अभ्यास वर्गांत बसूनहि होतो. आणि यंदा कार्तिकांत सुट्टीस गांवीं गेलांत, तर एक रात्र अंगणांतला दिवा मालवून देवयानीचा तो ठिपका अवश्य शोधा. अशा दिव्यांमुळेंच तो शहरांतून नाहींसा होत चालला आहे.