कान थकतात की डोकं?

लोकल, लायब्ररी, कँटीन... हेडफोन कायम कानात. दोन तासांनी काढता तेव्हा डोकं जड झालेलं असतं. 'आवाज तर कमीच होता यार, मग हे काय?' असं कधी झालंय?

मग एक प्रयोग करा. बीटल्सचा १९६५चा 'रबर सोल' अल्बम स्टीरिओत लावा. बऱ्याच गाण्यांत वाद्यं एका कानात, गाणारे दुसऱ्यात. एक इअरबड काढलात की गायकच गायब! हेडफोनवर ते विचित्र वाटतं, खोलीतल्या दोन स्पीकर्सवर तेच गाणं कितीतरी सुसह्य होतं.

कारण, स्पीकर डावीकडचा असला तरी तो उजव्या कानालाही ऐकू येतोच. फक्त साधारण पाव मिलिसेकंद उशिरा. शिवाय मध्ये आपलं डोकं येतं. बारीक, टिपेचे स्वर त्याला अडतात, खर्जातले वळसा घालून पोचतात. एवढ्याशा फरकावरून मेंदू ओळखतो, आवाज कुठून आला ते. हेडफोनमध्ये मात्र डावीकडचं फक्त डाव्या कानाला. असं एरवी कधी होतं? कानाशी डास गुणगुणतो तेव्हा. आता तो डास तासभर ऐकायचा म्हणजे बघा! अनेकांना यानेच थकायला होतं.

बेंजामिन बाऊअर या अमेरिकी इंजिनीअरने १९६१मध्येच यावर सर्किट सुचवलं होतं. डावीकडचा थोडा आवाज, खर्जाकडचा, किंचित उशिराने उजव्या कानात सोडायचा आणि उलटही. यालाच 'क्रॉसफीड' म्हणतात. पुढे बोरिस मिखाइलोव्हने त्याचं फुकट सॉफ्टवेअर केलं, 'बीएसटूबी', म्हणजे बाऊअरच्याच नावाचं. कॉम्प्युटरवर फूबार२०००ला ते प्लगइन म्हणून जोडता येतं. अँड्रॉइडवर न्यूट्रॉन प्लेअरमध्ये क्रॉसफीड आधीपासूनच आहे. सुरुवातीला ७०० हर्ट्झ, ४.५ डेसिबल हे नेहमीचं सेटिंग ठेवा, फार खेळत बसू नका.

पॉडकास्ट किंवा पन्नासच्या दशकातली मोनो गाणी ऐकत असाल तर काही फरक पडणार नाही, तिथे दोन्ही कानांत मुळातच एकच आवाज असतो. इअरबड्सचं 'स्पेशल ऑडिओ' चालू असेल तर दोन्हीतलं एकच ठेवा, नाहीतर सगळा काला होतो.

आणि हो, क्रॉसफीड लावलं म्हणून व्हॉल्यूम वाढवायचं लायसन्स मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९०ला फक्त चार. लोकलच्या खडखडाटात आपण नकळत किती वर जातो, ते उतरल्यावर प्लॅटफॉर्मवर बघा.

पहिल्यांदा लावाल तेव्हा गाणं जरा फिकं, आक्रसल्यासारखं वाटेल. लगेच बंद करू नका. अर्धा तास तसंच ऐका आणि मग बंद करा. कान दोन्हीकडून ओढल्यासारखे वाटले, तर ते तुमच्यासाठी आहे. नाही वाटले, तर अनइन्स्टॉल करायला पैसे पडत नाहीत.