कळंबची मोड आणि भांड्यांवरची नावे

यवतमाळहून नागपूरकडे जाताना वीस-बावीस किलोमीटरवर कळंब हे तालुक्याचे गाव लागते आणि त्याची ओळख सर्वत्र एकाच नावाने दिली जाते, ते नाव म्हणजे श्रीचिंतामणी. विदर्भाच्या अष्टविनायकांत गणले जाणारे हे देवस्थान चक्रावती नदीच्या परिसरात असून, पायऱ्या उतरून खाली गेल्यावर दक्षिणाभिमुख मूर्ती आणि तिच्यापुढील कुंड यांचे दर्शन होते. गौतम ऋषींच्या शापाने ग्रासलेल्या इंद्राने येथे गणेशाची आराधना केली आणि कुंडातील स्नानाने तो शापमुक्त झाला, अशी कथा आहे. दर बारा वर्षांनी कुंडाचे पाणी वाढून देवाच्या चरणांना लागते आणि मग ओसरते, ही श्रद्धाही तिच्याशी जोडलेली आहे. ही माहिती प्रत्येक यात्रेकरूस ठाऊक असल्याने तिचा विस्तार येथे केलेला नाही. ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, ती गोष्ट म्हणजे देवळाभोवतीच्या गावांतील जुन्या घरांमधून बाहेर पडणारे आणि पाहता पाहता नाहीसे होणारे सामान.

कळंब गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलत आहे. नागपूर ते तुळजापूर हा राष्ट्रीय महामार्ग गावावरून जातो आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड या रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा 28 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाल्यापासून येथे रेल्वेही येऊ लागली आहे. रस्ते रुंद होतात, मातीच्या भिंतींची आणि सागवानी खांबांची घरे पाडून सिमेंटची बांधली जातात, आणि प्रत्येक पाडकामाबरोबर माळ्यावर व कोठीत दोन-तीन पिढ्या पडून असलेल्या वस्तू अंगणात येतात: पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, गुंड, गडवे, कोपर म्हणजे पीठ मळण्याचे पसरट भांडे, धान्य मोजण्याची पायली, बैलांच्या गळ्यातील घुंगुरमाळा, दगडी जाते, कडी-कोयंड्यासह दाराची चौकट, आणि क्वचित कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्यातील प्रभाकर कंदील.

या सामानाची पहिली वाट मोडीकडे जाते. मोड म्हणजे जुने भांडे केवळ धातूच्या वजनावर विकणे. त्यात घडणावळीला किंमत नसते आणि वयालाही नसते. तांबे आणि जस्त यांचे मिश्रण ते पितळ, तांबे आणि कथील यांचे मिश्रण ते कासे, आणि कासे वाजवले असता लांबपर्यंत घुमते, एवढे ज्ञान मोडवाल्यास असतेच, कारण त्यावर दर ठरतो. सायकलवर किंवा हातगाडीवर फिरणारा भंगारवाला जुन्या पितळेच्या बदल्यात स्टीलचे चकचकीत भांडे देतो, आणि घरच्या बाईलाही घासण्याचा व कल्हईचा त्रास वाचल्याचे समाधान मिळते. हे समाधान खरे आहे आणि त्याबद्दल तिला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण पितळेत आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो आणि हे टाळण्यासाठी लागणारा कल्हईवाला आता गल्लीत येईनासा झाला आहे.

कल्हईची कृती पाहण्यासारखी असे. भांडे वाळूने घासून स्वच्छ करायचे, भात्याने फुललेल्या निखाऱ्यांवर ते तापवायचे, आत नवसागराची भुकटी टाकताच पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, त्याच क्षणी कथलाचा तुकडा तापल्या पृष्ठभागावर टेकवायचा आणि तो वितळताच कापसाच्या बोळ्याने झरझर पसरवून आतला सारा भाग रुपेरी करायचा. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे भांडे कमी तापले तर कथील पसरत नाही आणि जास्त तापले तर काळवंडते. हा अंदाज कारागिराच्या हातात असे. जुन्या भांड्याच्या आत कल्हईचे खवले अजून दिसत असतील, तर ते खरोखर स्वयंपाकात वापरलेले होते याचा तो भक्कम पुरावा मानावा.

सामानाची दुसरी वाट जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे जाते. मोडीच्या ढिगातून दहा वस्तू बाजूला काढणारा डोळा असलेला माणूस तालुक्याच्या गावी विकत घेतो, नागपुरात विकतो, आणि तेथून काही वस्तू मुंबईच्या मटण स्ट्रीटवरील चोर बाजारात किंवा पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात पोहोचतात. या व्यापाराचे ज्ञान पुस्तकात मिळत नाही. चांदीच्या राणीछाप रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम असते आणि त्यात सुमारे 92 टक्के चांदी असते, परंतु 1940 पासूनच्या रुपयांत ती निम्म्यावर आली, एवढे माहीत नसलेला विक्रेता सहज फसतो. नव्या पितळेला आम्लाने काळे करून किंवा ओल्या मातीत पुरून हिरवा गंज आणता येतो. मात्र हाताच्या पकडीने कडीची एकच बाजू गुळगुळीत झालेली असणे, बुडाची झीज असमान असणे, या खुणा घाईने तयार करता येत नाहीत.

या वस्तूंवर आणखी एक खूण असते आणि व्यापारात तिची सर्वांत जास्त हानी होते. लग्नात, मुंजीत किंवा वास्तुशांतीला दिलेल्या भांड्यावर नाव घालण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघर होती. भांड्यांच्या दुकानातील कारागीर टोकदार छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरे उठवी आणि देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, गावाचे नाव आणि तारीख कडेखाली लिहिली जाई. घंगाळाच्या काठाला बोट लावून फिरवले की डोळ्यांना दिसण्यापूर्वी ती अक्षरे स्पर्शाला कळतात. शहरातील गिऱ्हाइकाला मात्र ती डाग वाटतात, म्हणून कित्येकदा विक्रीपूर्वी ती घासून काढली जातात. ज्या चार शब्दांमुळे भांड्याचे गाव, काळ आणि कुटुंब कळत होते, तेच शब्द चकाकीसाठी पुसले जातात. हा व्यवहार अज्ञानाचा आहे आणि व्यापाराच्या दृष्टीनेही तोट्याचा आहे, कारण जगभर जुन्या वस्तूचे मोल तिच्या सिद्ध झालेल्या इतिहासाने वाढते.

पायलीचे उदाहरण बोलके आहे. चार शेरांची एक पायली हे माप खेड्यात शतकानुशतके चालले. 1956 च्या कायद्याने दशमान मापे येऊ लागल्यावर ते बाद झाले आणि पायली अडगळीत गेली. तिच्यावरचा मापाचा शिक्का शाबूत असेल तर ती बाजारपेठेच्या इतिहासाचे साधन ठरते, वितळली तर फक्त काही रुपयांचे पितळ उरते.

जुन्या वस्तू जपण्याचे काम एका व्यक्तीच्या ध्यासाने किती पुढे जाते, हे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिसते. चष्म्यांचे दुकान चालवणारे आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (1896-1990) यांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती, भांडी आणि दरवाजे जमवले, अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहाला दिले आणि 1975 मध्ये वीस हजारांच्या घरातील तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. घरगुती वापराच्या साध्या वस्तूही जतन करण्यासारख्या असतात, हे त्यांनी मराठी समाजाला दाखवून दिले.

जुन्या वस्तूंच्या व्यवहारात कायद्याचे भानही हवे. पुरावशेष व कलानिधी कायदा 1972 मध्ये झाला आणि 5 एप्रिल 1976 पासून अमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या शिल्पादी वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांच्या व्यापारास परवाना लागतो, आणि खासगी व्यक्तीस त्या परदेशी पाठवता येत नाहीत. पाया खणताना नाणी किंवा दागिने सापडले आणि त्यांची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर 1878 च्या गुप्तधन कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

चिंतामणीच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांना या परिसराची ओळख करून देणारे एखादे दालन असावे आणि त्यात कळंब तालुक्यातील घरांतील वस्तू गावांच्या नावांसह मांडल्या जाव्यात, ही अपेक्षा अवाजवी नाही. नगरपंचायत, देवस्थान किंवा एखादी शाळा, कोणीही ते काम एका खोलीत आणि दोन कपाटांत सुरू करू शकते. तोवर प्रत्येक घराने एवढे करावे: भांडे मोडीत देण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढावे, त्यावरचे नाव व तारीख वहीत उतरवून घ्यावी, आणि ते विकत घेणाऱ्याने ती अक्षरे घासू नयेत.