लव्हाळा, भातखाचरातील
लव्हाळा, भातखाचरातील : (लॅ. सायपेरस डिफॉर्मिस, कुल–सायपेरेसी). पाणथळ जागी वाढणारी ही लहान, वर्षायू (एकाच हंगामात जीवनक्रम पूर्ण करणारी) ओषधी उष्ण व उपोष्ण प्रदेशांतील भातशेतीत तण म्हणून आढळते. तिचे शास्त्रीय नाव कार्ल लिनीअस यांनी १७५६ मध्ये दिले. कोकणात ती पावसाळ्यात सामान्य असून कर्जत तालुक्यातील कोंडाणे परिसरात असतात तशी पाणी साचणारी, चिखलाची खाचरे तिला मानवतात.

कोवळेपणी तिची भाताच्या रोपाशी गल्लत होते. भाताची पाने दोन रांगांत असून पाते व आवरक यांच्या सांध्यावर ठळक पातळ जिह्विका असते. लव्हाळ्याची पाने तीन रांगांत असतात, अशी जिह्विका नसते व आवरक बंद नळीसारखा असतो. भाताचे खोड गोल, पेरेदार व पोकळ; लव्हाळ्याचे त्रिधारी व भरीव असून बोटांत फिरविल्यास धारा जाणवतात.

झुबक्यांनी वाढणाऱ्या या वनस्पतीची उंची बहुधा १०–७० सेंमी. असते. मुळे तंतुमय, पाने थोडी व तळाशी. खोडाच्या टोकास २–३ लांब, पानांसारखी छदे व त्यांमध्ये सु. १ सेंमी. व्यासाचे दाट, गोल गुच्छ असतात. हीच तिची मुख्य खूण होय. गुच्छातील कणिशके बारीक. तुषे १ मिमी.पेक्षा लहान, टोकाशी गोलसर, बाजूंस जांभळट तपकिरी व मध्यशिरेवर हिरवी. केसरदले १ किंवा २, किंजल्क ३. फळ त्रिधारी, फिकट हिरवट पिवळे, सु. ०·६ मिमी. लांब.

भातातील सायपेरस आयरिया या जातीची कणिशके पिवळसर व विरळ कणसांत असतात आणि फळ काळपट असते. फिंब्रिस्टायलिस लिटोरॅलिस हिची पाने तळाशी चपट्या पंख्यासारखी रचलेली असून लहान, तपकिरी कणिशके सुटी असतात. नागरमोथा (सा. रोटुंडस) बहुवर्षायू असून त्यास जमिनीत ग्रंथिक्षोड असतात.

हा शेवटचा भेद शेतकऱ्यास विशेष उपयोगी आहे. नागरमोथा उपटला, तरी मागे राहिलेल्या ग्रंथिक्षोडांतून पुन्हा फुटतो. प्रस्तुत जातीचा प्रसार मात्र मुख्यतः बियांनी होतो. अनुकूल परिस्थितीत ती चार ते सहा आठवड्यांत बी धरते. म्हणून लावणीनंतरची बेणणी गुच्छ पिकण्यापूर्वी केल्यास पुढील हंगामातील उपद्रव कमी होतो. केवळ तणनाशकावर विसंबणे धोक्याचे ठरते. कॅलिफोर्नियातील भातशेतीत १९९३ मध्ये तिच्यात तणनाशकरोध आढळून आला.