नगरसमूहाची घडण व नामकरण

लगतची नगरे वाढत जाऊन एकमेकांस भिडतात आणि त्यांच्यामधील मोकळी जमीन नाहीशी होते, ही घटना औद्योगिक क्रांतीनंतर इतक्या ठिकाणी घडून आली की, तिला स्वतंत्र संज्ञा देणे अपरिहार्य झाले. ती संज्ञा पॅट्रिक गेडिस यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'सिटीज इन इव्होल्यूशन' ह्या ग्रंथात दिली. लॅटिनमधील 'सह' आणि 'नगर' ह्या अर्थांच्या घटकांपासून त्यांनी 'कॉनर्बेशन' हा शब्द घडविला. मराठीत त्यासाठी 'नगरसमूह' हा शब्द सोयीचा आहे. तथापि त्यात एक उणीव आहे. समूहातील घटक परस्परांपासून अलग राहू शकतात. गेडिस यांना अभिप्रेत होते ते सांधे बुजणे.

एकाच शहराचा विस्तार आणि नगरसमूह ह्यांत भेद केला पाहिजे. पहिल्यात केंद्र एकच असून ते बाहेर पसरते. दुसऱ्यात अनेक केंद्रे आधीपासून नांदत असतात. प्रत्येकाला आपली बाजारपेठ, आपले देवस्थान, आपला इतिहास असतो, आणि ती एकमेकांकडे वाढत येतात. प्रत्यक्षात हे दोन्ही प्रकार बहुधा मिसळलेले आढळतात, आणि म्हणूनच विलीनीकरण झाले केव्हा, ह्या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. जमीन, वाहतूक, कारभार आणि नाव हे विलीनीकरणाचे चार थर असून ते एका गतीने सरकत नाहीत.

जर्मनीतील वुपर नदीच्या खोऱ्याचे उदाहरण ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथील एल्बरफेल्ड आणि बार्मेन ही कापडधंद्याची जुनी शहरे नदीकाठाने वाढत एकमेकांस लागली. १९०१ ते १९०३ ह्या काळात नदीपात्रावरून टांगत्या आगगाडीचा मार्ग सुरू झाला व त्याने ती जोडली गेली. कारभार मात्र १९२९ पर्यंत वेगळाच होता. त्या वर्षी आसपासच्या लहान गावांसह दोहोंचे एकत्रीकरण झाले, तेव्हा नव्या शहराला दोन्ही नावे जोडून देण्यात आली. हे जोडनाव वर्षभरही टिकले नाही. १९३० मध्ये 'वुपरचे खोरे' अशा अर्थाचे 'वुपरताल' हे नाव स्वीकारण्यात आले. दोन शहरांपैकी कोणाचेही नाव वर राहू नये, ह्यासाठी नदीची मदत घ्यावी लागली.

नावाचा थर बहुधा दुय्यम मानला जातो. वस्तुतः विलीन होणाऱ्या नगरांतील परस्परसंबंध इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसतो, आणि तो वाचण्यासाठी समासप्रकरण पुरेसे आहे. बुडा, पेस्ट व ओबुडा ही तीन नगरे १८७३ साली एक झाली आणि 'बुडापेस्ट' हे नाव रूढ झाले. हा सरळ द्वंद्व होय, कारण दोन्ही पदे प्रधान आहेत. परंतु ओबुडाला समासात जागा मिळाली नाही. मुंबईच्या परिसरातील कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरार ही नावे ह्याच जातीची आहेत. पुण्याशेजारचे पिंपरी-चिंचवडही तसेच. १९८२ पासून तेथे पुण्याहून वेगळी महानगरपालिका आहे. (अल्पस्वर पद आधी यावे हा पाणिनीचा संकेत 'मीरा-भाईंदर'मध्ये पाळला गेलेला दिसतो, पण तो योगायोगच समजावा.) ह्या उलट 'बृहन्मुंबई' आणि 'नवी मुंबई' हे कर्मधारय आहेत. येथे मूळ पद एकच असून बाकीचे त्याचे विशेषण आहे. वांद्रे, कुर्ले, मुलुंड, बोरिवली ह्यांपैकी कोणीही 'बृहन्मुंबई'त दिसत नाही. द्वंद्व हा तहाचा समास आहे, तर कर्मधारय हा सामिलीकरणाचा.

तह म्हटला तरी त्यात सर्वांचा समावेश होतोच असे नाही. २००९ साली वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर ह्या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. अशोकाच्या शिलालेखाचे अवशेष जेथे सापडले, ते शूर्पारक म्हणजेच सोपारा नावाबाहेर राहिले. प्राचीनता हा नामकरणाचा निकष नसतो, एवढे ह्यावरून दिसते.

मुंबईच्या बाबतीत जमीन आणि वाहतूक हे थर फार पूर्वीच सरकू लागले होते. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग सुरू झाला. पुढे तो कल्याणला पोहोचला, आणि १८६७ पासून विरारकडील मार्गावर स्थानिक गाडी धावू लागली. कारभाराची हद्द मात्र दीर्घकाळ शीव-माहीमपाशीच थांबलेली होती. गेडिस १९१९ ते १९२४ ह्या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक असताना ते ज्या शहरात वावरत होते, ते बेटापुरतेच होते. हद्द साष्टीत शिरली ती १९५० मध्ये, आणि दहिसर-मुलुंडपर्यंत गेली ती १९५७ मध्ये. त्यापलीकडे कर्मधारयाची मजल गेली नाही; ठाणे, कल्याण, भाईंदर येथे पुढे स्वतंत्र महानगरपालिका झाल्या. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबई महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख आणि बृहन्मुंबई नागरी समूहाची सुमारे १ कोटी ८४ लाख भरली. हद्दीबाहेरची ही सुमारे ६० लाख माणसे जनगणनेच्या लेखी समूहात आहेत, पण मुंबईच्या महापौराच्या निवडीत त्यांचा अंश नाही. त्यांपैकी अनेकांचा दिवस मात्र मुंबईतच जातो.

हद्दीचा हा प्रश्न केवळ कारकुनी नव्हे. पाणी घेतले तर ते लगेच ध्यानात येते. मुंबईचे बहुतांश पाणी तानसा, वैतरणा, भातसा ह्या नद्यांवरील धरणांतून येते आणि ह्यांतील अनेक धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील गावापाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तो तालुका नगरसमूहात मोडत नाही, पण त्याच्यावाचून नगरसमूह एक दिवस उभा राहणार नाही. कल्याण-डोंबिवलीलगतच्या २७ गावांची कथा वेगळ्या अर्थाने बोलकी आहे. १९८३ मध्ये ती नव्या महानगरपालिकेत घेण्यात आली, २००२ मध्ये वगळण्यात आली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली. एवढ्या काळात इमारती वाढतच गेल्या. मागेपुढे झाली ती कागदावरची रेषा.

नामकरणाच्या अधिसूचनेपेक्षा बोलीतील विभक्तिप्रत्यय अधिक हट्टी असतो. बोरिवली १९५७ पासून कायद्याने बृहन्मुंबईत आहे. तरी फोर्ट किंवा गिरगावाकडे निघालेला तेथील जुना रहिवासी 'मुंबईला जातो' असेच म्हणतो. ज्या ठिकाणी मनुष्य आहे, त्याच ठिकाणी तो 'जात' नाही. म्हणजे त्याच्या वाक्यात मुंबई अद्याप दुसरीकडे आहे. हेच वाक्य डोंबिवलीतही ऐकू येते, आणि तेथे ते कायद्यालाही धरून आहे. दोन्ही स्थानकांवर सकाळी गाडी पकडणाऱ्यांच्या व्याकरणात मात्र काही फरक आढळत नाही.