निवडलेल्या चित्राची निळी छटा

संगणक कक्षात फोटो निवडण्याची खिडकी आम्ही स्वतःच लिहिली. मैत्रीबागेतला पांढरा वाघ निवडला की लगेच दिसे, पण भिलाई पोलाद कारखान्याचा रात्रीचा फोटो निवडला आहे की नाही तेच कळेना. त्या घोळात एकदा भलताच फोटो पुसला गेला!

गणित सोपे आहे. चित्राच्या प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा हे तीन आकडे घ्यायचे आणि निवडीच्या रंगाशी त्यांची सरासरी काढायची. विंडोज १० मधला नेहमीचा निळा म्हणजे ०, १२०, २१५. पांढऱ्याचे २५५, २५५, २५५ त्यामुळे १२७, १८७, २३५ होतात. छान आकाशी! काळ्याचे मात्र ०, ६०, १०७, म्हणजे पुन्हा रात्रच. भट्टीचा नारिंगी २५५, १४०, ० तर १२७, १३०, १०७ असा मातकट होतो. म्हणून छटेबरोबर जाड चौकटही काढा.

आणखी एक. छटा दर वेळी मूळ चित्रावरूनच द्या. आम्ही छटा दिलेल्यावरच पुन्हा देत होतो. चौथ्या क्लिकला आमचा वाघ १५, १२८, २१७ झाला होता.